लालच्या वर जागाच नाही

भीमजयंती किंवा गणपती जवळ आले की नांदेड, परभणी, लातूरकडच्या रिमिक्सवाल्यांचे कॉम्प्युटर रात्रभर चालू असतात. गाणं पेनड्राइव्हवर जातं, डीजेवर लागतं आणि हलगी आली की आवाज फाटतो. शिव्या खातो तो टॉप, म्हणजे वरचा स्पीकर. खरं तर पुष्कळदा गाणं फायलीतच फाटलेलं असतं. त्यामागची सवय, आवाज मीटरच्या लाल भागात नेण्याची, टेपच्या काळातली आहे.

अमेरिकेत 1939 च्या सुमारास सीबीएस, एनबीसी या रेडिओ कंपन्या आणि बेल लॅब्ज ही संशोधन संस्था यांनी मिळून आवाजाची पातळी काट्यानं दाखवणारा व्हीयू मीटर ठरवला. त्याचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला, पूर्ण वर जायला साधारण 300 मिलिसेकंद घेणारा. माणसाच्या बोलण्याला हे ठीक. पण हलगीवर टिपरूचा फटका काही मिलिसेकंदांत शिखर गाठून उतरतोसुद्धा. काटा जेमतेम हललेला असतो, तोवर खरा आवाज त्याच्या दहा-बारा डेसिबल वर जाऊन आलेला असतो. टेपवर हे खपून जाई, कारण चुंबकीय थर एकदम हात वर करत नाही. तो शिखरं हळूहळू दाबतो आणि ते कानाला उलट भरीव लागतं. आराधी गीतांच्या, भीमगीतांच्या कॅसेट निघत, त्या काळात काटा लालमध्ये नेणं हा दोष नव्हता, हातखंडा होता.

1982 मध्ये सीडी आली आणि हिशेब बदलला. 16 बिटमध्ये प्रत्येक नमुना, म्हणजे आवाजाचं क्षणाक्षणाला घेतलेलं माप, −32,768 ते 32,767 यांतलाच एक आकडा. त्यापलीकडे आकडाच नाही, म्हणून लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि मुळात नसलेली करकर तयार होते. (ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांतले रहिवासी भागातले दिवसाचे 55 डेसिबल वेगळे. ते हवेतल्या आवाजाचं माप. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत, बाकी सगळं उणे.) युरोपातल्या प्रसारणात म्हणूनच जुन्या काट्याचं शून्य डिजिटलच्या −18 वर बसवलं, वर 18 डेसिबल मोकळे.

ती मोकळी जागा संगीतवाल्यांनी लवकरच खाल्ली. 1994 मध्ये वेव्हज कंपनीचा एल1 लिमिटर आला. येणारं शिखर आधीच ओळखून तो दाबतो, मग सगळं गाणं वर उचलता येतं. पुढे फ्रूटीलूप्ससारखी गाणी बनवायची सॉफ्टवेअर घराघरांत आली, तसा लिमिटरही. एकच किक (बेस ड्रमचा ठोका) दोनदा ठेवली की 6 डेसिबल वाढतात. त्यावर हलगी, संबळ, बेस चढवायचे आणि मास्टर (सगळे आवाज मिळून बाहेर पडणारी शेवटची पातळी) लाल झाला की लिमिटर आणखी दाबायचा, हा माझ्या मते आळस आहे. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, खाली घेणं फुकट असतं. गंमत म्हणजे 32 बिट फ्लोटमुळे (यात शून्याच्या वरचे आकडेही मावतात) सॉफ्टवेअरच्या आत एखादा चॅनेल लाल झाला तरी काही बिघडत नाही. 16 बिटची फाइल काढताना मास्टर शून्याच्या वर असला, की तिथं कापाकापी होते. एमपी3 करताना शिखरं थोडी वर सरकतात, म्हणून −1 डेसिबलवर थांबलेलं बरं.

2006 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं ऐकू येणाऱ्या जोराचं माप ठरवलं. त्यावरच स्पॉटिफाय गाणी साधारण −14 एलयूएफएसवर (हे त्या मापाचं एकक) आणतं, म्हणजे दाबून मोठं केलेलं गाणं तिथं आपोआप लहान होतं. डीजेच्या गाडीवर तसं माप लावणारं कुणी नाही. तिथं पुढच्या गाडीपेक्षा आपला आवाज कमी पडला की मंडळवाले थेट रिमिक्सवाल्यालाच फोन लावतात.