'डोळ्या'चं मूळ: तिबेटो-बर्मी शब्दशोधाची पार्श्वभूमी

तिबेटी लिखाणात डोळ्याला 'मिग्' म्हणतात. जुन्या बर्मीत तो 'म्यक्', मणिपुरी आणि मिझोत 'मित', नेवारीत 'मिखा'. हे सगळे एकाच घरचे, म्हणजे तिबेटो-बर्मी भाषाकुळातले, हे कानाला लगेच पटतं. त्या घरचा मूळ शब्द कोणता, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही.

सुरुवात शब्दयाद्यांपासून झाली. एकोणिसाव्या शतकात काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिशांचे राजनैतिक प्रतिनिधी, असलेल्या ब्रायन हॉजसन यांनी हिमालयातल्या कितीतरी भाषांचे शब्द टिपून घेतले. पुढे ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा तिबेटो-बर्मी भाषांवरचा तिसरा खंड १९०३ ते १९०९ दरम्यान तीन भागांत निघाला.

आजच्या शब्दांवरून मूळ रूपं बांधायचं काम १९३०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात जोमानं सुरू झालं. तिथले पॉल बेनेडिक्ट पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाले आणि त्यांचं या विषयावरचं हस्तलिखित तीसेक वर्षं पडून राहिलं. भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅटिसॉफ यांनी टिपा जोडून ते १९७२ मध्ये प्रकाशात आणलं. मला हा या इतिहासातला सर्वात मोलाचा क्षण वाटतो.

या कामात तिबेटी लिपीचा आधार फार मोठा. सातव्या शतकातली ही लिपी आज ल्हासात न उच्चारली जाणारी व्यंजनंही जपते: 'तीन' लिहायचं 'ग्सुम्', म्हणायचं 'सुम'. जुनी लिपी नसलेल्या भाषांत पुरावा जिवंत उच्चारातच शोधावा लागतो. तिबेटी 'मिंग' म्हणजे नाव, मिझोत 'ह्मिंग'. सुरुवातीचा तो श्वास एखाद्या झिजलेल्या उपसर्गाची खूण मानतात.

ध्वनी ठरावीक नियमांनीच बदलतात असं मानतात, डोळा मात्र त्या नियमांत बसत नाही. उवेला तिबेटीत 'शिग्', मिझोत 'ह्रिक'. तिथे शेवटचा 'क' टिकला, मग 'मित'मध्ये 'त' कुठून आला? शिवाय तिबेटीचा 'इ' आणि बर्मीचा 'य' जुळत नाहीत. मॅटिसॉफ यांनी 'मिक्' आणि 'म्यक्' ही दोन्ही मूळ रूपं शेजारी ठेवली आणि अशा जुळ्या रूपांना 'ॲलोफॅम' म्हटलं. टीकाकारांचं म्हणणं असं, की एवढी मोकळीक दिली तर ध्वनिनियमांचा धाकच उरत नाही. आक्षेप रास्त आहे. तरी पुरावा दोन रूपं दाखवत असताना एक निवडून दुसरं लपवणं मला पटत नाही.

मॅटिसॉफ यांनी १९८७ मध्ये सुरू केलेला बर्कलीचा व्युत्पत्तिकोश प्रकल्प २०१५ मध्ये थांबला. त्याची सुरुवात शरीराच्या अवयवांपासून झाली होती.