पोटातला जीव नक्की कधीपासून? थोडी पार्श्वभूमी

गर्भपाताचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, सगळ्या धर्मांत हे पापच सांगितलंय. पण जीव येतो कधी यावर धर्मांचं एकमत कधीच नव्हतं, आणि ते बघायला सोलापूरच्या बाहेरही जावं लागत नाही.

इथल्या लिंगायतांत गर्भलिंगधारणेचा संस्कार आहे, आठव्या महिन्यात पोटातल्या बाळासाठीचं इष्टलिंग (शिवाचं प्रतीक, जे लिंगायत अंगावर धारण करतात) आईच्या अंगावर बांधतात, म्हणजे जन्मायच्या आधीच त्याला दीक्षा. दिगंबर जैन मंडळी जीव पहिल्या क्षणापासून मानतात, त्यांच्या पंचकल्याणकाची, म्हणजे तीर्थंकरांच्या आयुष्यातल्या पाच मंगल घटनांची, सुरुवातच गर्भकल्याणकाने होते. मुस्लिमांत हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) आधारे १२० दिवसांनी रूह म्हणजे आत्मा फुंकला जातो असं मानतात, म्हणून हनफी पंथातले बरेच उलेमा (धर्मपंडित) सबळ कारण असेल तर त्याआधी सूट देतात, मालिकी पंथाचे मात्र सुरुवातीपासूनच बहुतेक नाही म्हणतात. हिंदू ग्रंथांतच दोन मतं, आयुर्वेदाच्या चरकसंहितेत शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव कुशीत एकत्र आले की गर्भ, आणि गर्भोपनिषदात जीव येतो सातव्या महिन्यात! स्मृतींनी भ्रूणहत्येला महापाप म्हटलंय ते वेगळंच. कॅथलिक चर्चनेही जीव आलेला आणि न आलेला गर्भ असा शिक्षेतला फरक शेकडो वर्षं ठेवला, १८६९ ला पोप नववे पायस यांनी तो काढून टाकला.

मला यात सगळ्यात जास्त लागतं ते विधवांचं. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय घरांत पुनर्विवाह बंद, आणि दिवस गेले तर तोंड लपवायला जागा नाही, मग चोरून गर्भ पाडायचा नाहीतर बाळ टाकून द्यायचं, पाप सगळं तिच्याच माथी, पुरुषाचं नावही कुणी घेत नव्हतं. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच्यासाठीच. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ ला टाकलेल्या मुलांसाठी आश्रम सुरू केला, हे सोलापूरकरांनाही फारसं माहीत नसतं.

इंग्रजांच्या १८६० च्या दंडविधानात कलम ३१२ होतं, त्यात बाईलाही शिक्षा, ३ वर्षांपर्यंत, आणि बाळ पोटात हलायला लागलं असेल तर ७. चोरून गर्भ पाडताना बाया मरत होत्या म्हणून स्वातंत्र्यानंतर सरकारने शांतिलाल शाह समिती नेमली, तिचा रिपोर्ट १९६६ ला आला आणि १९७१ ला गर्भपाताला काही अटींवर परवानगी देणारा कायदा झाला. त्या कायद्याने जीव कधी येतो हा वाद सोडवायला घेतलाच नाही, आठवडे मोजले आणि बाईच्या तब्येतीचा विचार केला. २०२१ च्या दुरुस्तीने काही बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली. आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तरी अजून कितीतरी ठिकाणी ती मागतातच.