घर्षणगाठ (वृक्षारोहण)

मुख्य दोरावर दोरीचे वेढे देऊन बांधलेली गाठ. मोकळी असताना ती दोरावर वरखाली सरकते आणि भार येताच आवळून जागीच थांबते. दोराने झाडावर चढून छाटणी करणारे आर्बोरिस्ट हिच्याच आधाराने लटकून काम करतात. (कोकणात नारळ-सुपारी उतरवणाऱ्या पाडेल्याच्या पायातला फास वेगळा, तो थेट खोडाला धरतो.) ‘सर्वांत चांगली गाठ कोणती’ हा प्रश्न एकटा विचारण्यात अर्थ नाही. दोर कसा टाकला आहे, दोरी कसली आहे आणि चढणाऱ्याचे वजन किती, यांवर उत्तर बदलते.

फिरत्या दोराच्या पद्धतीत दोर फांदीवरून जाऊन परत खाली येतो. एक टोक हार्नेसला (चढणाऱ्याच्या कंबर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांना), तर दुसऱ्या पदरावर हार्नेसलाच जोडलेली गाठ असते. त्यामुळे गाठीवर साधारण निम्मेच वजन येते. दोर नुसत्या बेचक्यातून नेला असेल, तर उतरताना साल बरेचसे घर्षण स्वतःकडे घेते आणि गाठीवरचा भार निम्म्याहूनही कमी होतो. साल आणि दोर दोन्ही वाचावेत म्हणून तिथे कड्यांचा पट्टा किंवा पुली लावली की नेमका हा भार वाढतो. काल नीट धरणारी गाठ आज सरकते ती यामुळे. तेव्हा एक वेढा वाढवावा. स्थिर दोराच्या पद्धतीत एकाच पदरावर पूर्ण वजन येते. नुसती गाठ मग इतकी आवळते की उतरताना सुटत नाही, म्हणून तिच्या वर रोप रेंचसारखे घर्षण वाटून घेणारे साधन जोडतात. दोराचे दुसरे टोक बुंध्याला बांधले असेल, तर वरच्या फांदीवर चढणाऱ्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट जोर येतो. फांदी निवडताना हे विसरू नये.

ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये मांडलेली प्रुसिक गाठ दोन्ही दिशांना धरते, पण भार आल्यावर घट्ट बसते. वारंवार वरखाली करण्यासाठी ती कंटाळवाणी. ब्लेक्स हिचला वेगळी दोरी लागत नाही, दोराच्या शेपटानेच ती बांधता येते. चार वेढे वर द्यायचे, टोक खाली आणून हार्नेसकडे जाणाऱ्या पदरावरून घ्यायचे, मुख्य दोरामागून फिरवायचे आणि खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर काढायचे. तो पदर टोकाखाली अडकला नाही, तर गाठ दिसायला तशीच दिसते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. टोकाला आठाकृती गाठ मारणे सक्तीचेच समजावे. डिस्टल आणि व्हीटी या गाठी दोन्ही टोकांना डोळे (कायमचे फासे) असलेल्या वेगळ्या दोरीने बांधतात. खाली छोटी पुली लावली की ढिला दोर एका हाताने ओढून घेता येतो. व्हीटी सर्वांत सहज सरकते, पण वेढ्यांची संख्या चुकली की तीच सर्वांत आधी दगा देते.

मुख्य दोर सहसा 11 ते 13 मिमी, गाठीची दोरी 8 ते 10 मिमी जाड आणि 70 ते 80 सेंमी लांब असते. बारीक, मऊ दोरी जास्त आवळते. जाड, ताठ दोरी सरकते. वेगाने उतरल्यास घर्षणाने दोरी तापते. डायनीमा हा कृत्रिम धागा सुमारे 150 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून त्याची नुसती दोरी इथे चालत नाही. पॉलिस्टर सुमारे 250 अंशांपर्यंत टिकते. अरामिड हा कृत्रिम धागा वितळत नाही, पण उन्हाने आणि सततच्या मुडपण्याने कमकुवत होते. वेढ्यांवर काचेसारखी चकाकी आली, तर दोरी बदलावी.

गाठ आणि हार्नेस यांमधला पदर लांब राहिला, तर गाठ हाताच्या टप्प्याबाहेर जाते. पावसात आणि चिकाने दोराची पकड बदलते. दोर किंवा दोरी बदलल्यावर जमिनीपासून हातभर उंचीवरच पूर्ण वजन टाकून, हिसके देऊन पाहावे. घसरताना माणूस घाबरून नेमकी गाठच मुठीत धरतो. गाठीला वरून खाली दाब मिळतो, ती मोकळी होते आणि घसरण थांबत नाही. अशा वेळी गाठीवरचा हात सोडून तिच्याखालचा दोर पकडायचा, ही सवय कमी उंचीवरच लावून घ्यावी लागते.