रमने थंडी पळत नाही

देवळाली कॅम्पपासून नाशिकरोडपर्यंत एक समज पक्का आहे: सियाचीनवर जवान रमच्या जोरावर तगतात. हे चूक आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब जाणवते, पण शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते.

जवान तगतो तो उंचीवरच्या विरळ हवेच्या सवयीने. नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम ६०० मीटरवर, म्हणजे सुमारे २,००० फुटांवर. इथून गेलेल्याला थेट चौकीवर पाठवत नाहीत: ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, मग १५,००० पर्यंत ४, त्यापुढे आणखी ४. पहिले २ दिवस निव्वळ आराम. घाई केली, तर फुफ्फुसांत पाणी भरतं आणि जीवावर बेततं.

वर दिवस जातो पहाऱ्यात, शस्त्रं साफ करण्यात आणि रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवण्यात. घामेजलेले मोजे लगेच बदलायचे, पायाची बोटं रोज तपासायची. सुन्न बोट चोळायचं मात्र अजिबात नाही.