ग्रोथ झोनिंग की डिफ्यूजन झोनिंग? नुसता गुळगुळीत वक्र बघून ठरवू नका

ऑलिव्हिन या लाव्हातल्या खनिजाच्या स्फटिकाचा गाभा सहसा मॅग्नेशियमवाला आणि कडा लोहवाली, म्हणजेच त्यात झोनिंग असतं, हे सगळ्यांना माहीतच असतं. स्फटिक वाढत असताना भोवतालचा मॅग्मा बदलत गेला आणि तो बदल थरावर थर चढताना आत उतरला, तर ते ग्रोथ झोनिंग. स्फटिक आधीच तयार होता, मग बाहेरचा मॅग्मा बदलला आणि १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास अणू जाळीतून सरकत राहिले, तर डिफ्यूजन. इथवर कोणाचंच भांडण नाही.

घोळ पुढे होतो. मायक्रोप्रोबवर (बारीक ठिपक्यांवरचं रासायनिक प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) प्रोफाइल, म्हणजे गाभ्यापासून कडेपर्यंत प्रमाण कसं बदलतं त्याचा आलेख, काढली, वक्र छान आला, त्यावर डिफ्यूजनचं समीकरण बसवलं, फिट मस्त बसला, त्यावरून अणू सरकायला लागलेला काळ काढला आणि लगेच 'उद्रेकाआधी इतके महिने मॅग्मा मिसळत होता' असं छापून मोकळे! अहो, फिट बसणं हा पुरावा नाही. मॅग्मा सावकाश थंड होत असताना स्फटिक वाढला तरी वक्र तितकाच गुळगुळीत येऊ शकतो, आणि तसं असेल तर काढलेल्या महिन्यांना काडीचा अर्थ नाही.

म्हणून एका मूलद्रव्यावर विसंबायचं नाही. लोह-मॅग्नेशियम आणि निकेल भराभर सरकतात, कॅल्शियम त्यांच्यापेक्षा हळू, आणि फॉस्फरस सिलिकॉनच्या जागी बसतो त्यामुळे तो जवळपास हलतच नाही. समजा एकाच सीमेवर फॉस्फरसची पायरी (प्रमाणातली एकदम उडी) अजून धारदार आहे आणि लोह-मॅग्नेशियमचा उतार तिच्या दोन्ही बाजूंना पसरलाय, तर डिफ्यूजन झालंय. सगळ्यांचे उतार सारख्याच रुंदीचे असतील तर मी आधी ग्रोथच म्हणेन.

माझी त्याहून आवडती कसोटी म्हणजे दिशा. ऑलिव्हिनमध्ये सी अक्षाच्या (स्फटिकाच्या तीन मुख्य दिशांपैकी एकीच्या) दिशेने लोह-मॅग्नेशियम बाकी दोन दिशांच्या साधारण ६ पट वेगाने सरकतं, आणि पसरलेलं अंतर वेगाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणजे त्या दिशेची प्रोफाइल जवळजवळ अडीच पट लांब यायला हवी. तसं प्रमाण वाढीतून आपोआप जुळून येईल ही शक्यता फारच कमी. पण त्यासाठी स्फटिक कुठल्या दिशेने कापला गेलाय ते मोजावं लागतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. शिवाय काप गाभ्यातून न जाता तिरका कडेवरून गेला तर उतार उगाच रुंद दिसतो, आणि रुंदी दुप्पट दिसली की काळ चौपट निघतो. दिशा न मोजता दिलेला काळ मी तरी धरत नाही, फिट कितीही सुंदर असो.