कोवळं ऊन आणि ड जीवनसत्त्व

‘सकाळी ७ च्या कोवळ्या उन्हात बसा, ड जीवनसत्त्व भरपूर मिळेल’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्या उन्हात बसणं छानच, पण ड जीवनसत्त्व त्यातून अगदीच नगण्य मिळतं.

कारण प्रकाशरसायनाचं आहे. त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूतलं एक कडं उघडायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील-बी (UV-B) किरण लागतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश कितीही लख्ख असला तरी ते काम करत नाही. कडं उघडलं की पुढे शरीराच्या उबेनं ड३, म्हणजे त्वचेत बनणारं ड जीवनसत्त्व, तयार होतं. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण वातावरणातून तिरपे, लांबून येतात आणि ओझोन नेमके हेच किरण शोषून घेतो. खिडकीची काचही ते अडवते, त्यामुळे बंद काचेआडचं दुपारचं ऊनसुद्धा या कामी येत नाही.

पडताळा अंगणातच घेता येतो. आपली सावली पाहा. ती उंचीपेक्षा लांब असेल तर अतिनील-बी फार थोडे, आखूड असेल तर बऱ्यापैकी. फोनवरच्या हवामानाच्या ॲपमधला अतिनील निर्देशांकही (UV Index) हेच दाखवेल.

मात्र त्वचा लाल होईपर्यंत थांबू नये. जास्त वेळ बसून ड वाढत राहत नाही. तोच प्रकाश तयार झालेले रेणू मोडू लागतो. कमतरतेची शंका असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी.