रानपिंगळा: ११३ वर्षे का सापडला नाही

सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवनात आज पक्षीनिरीक्षक खास रानपिंगळा हे छोटे घुबड पाहायला जातात. काही जण त्याला वनपिंगळा म्हणतात. १८८४पासून १९९७पर्यंत मात्र त्याची एकही खात्रीची नोंद झाली नाही. पक्षी दुर्मिळ होता हे खरेच, पण शोध लांबण्यात संग्रहालयातल्या एका नमुन्यावरच्या खोट्या चिठ्ठीचाही वाटा होता.

आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांना डिसेंबर १८७२मध्ये हे छोटे घुबड मिळाले. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले आणि जातीला ब्लेविट यांचे नाव दिले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. पुढचे बहुतेक नमुने, म्हणजे भरून जतन केलेले पक्षी, जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याच्या परिसरात जमवले. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून मोजून सात नमुने, एवढेच या पक्ष्याबद्दलचे भांडवल होते.

त्यातल्या एका नमुन्याने घात केला. ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागेन याच्या संग्रहातल्या नमुन्यावर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ अशी नोंद होती. म्हणजे हा सगळ्यांत अलीकडचा पुरावा ठरला. साहजिकच पुस्तकांत मांडवी आली आणि शोधाची दिशाही तिकडे वळली. हा नमुना मुळात डेव्हिडसनचा होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवला होता. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी तो तपासला, तेव्हा डेव्हिडसनच्या हाताच्या खास खुणा आतून-बाहेरून सापडल्या. १९९९मध्ये त्यांनी ही लबाडी पुराव्यानिशी प्रसिद्ध केली. मेलेल्या पक्ष्याच्या पायाला बांधलेली ठिकाण-तारखेची चिठ्ठी हाच त्या नमुन्याचा जीव असतो. ती खोटी निघाली की नमुन्याने केलेले नुकसान त्याच्या उपयोगापेक्षा मोठे होते.

दुसरा घोटाळा पक्षी ओळखण्यातला. नागपूरजवळ १९६८मध्ये टिपलेले एक छायाचित्र बराच काळ रानपिंगळ्याचे मानले जात होते. नंतर पाहिले तर तो साधा पिंगळा होता.

मांडवीची नोंद बाद धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे गाठायची ठरवली. आधी पूर्वेकडची, मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ, निष्पर्ण झाडावर उघड्यावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने होते.

ओळख नेमकी कुठे चुकते? रानपिंगळा साधारण २३ सेंटिमीटरचा, म्हणजे आकाराने पिंगळ्याच्या जवळपास. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ सपाट करड्या-तपकिरी रंगाची, ठिपके असलेच तर पुसट. पण पिसे झिजलेल्या पिंगळ्याचे ठिपकेही फिके पडतात, म्हणून फक्त डोक्यावर निर्णय घेणे धोक्याचे. भरवशाच्या खुणा खाली आहेत. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी, जवळपास सलग. त्याखाली पोटाचा मधला भाग एकदम स्वच्छ पांढरा. पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी खुणा खालपर्यंत उतरतात. रानपिंगळ्याच्या शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात, पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि नख्या अंगाच्या मानाने दणकट. जंगली पिंगळा ही तिसरीच जात, अंगभर बारीक आडव्या पट्ट्यांची, तिच्याशी गल्लत करण्याचे कारण नाही. म्हणून फोटो काढताना एक समोरून, पोट दिसेल असा, आणि एक मागून, शेपटी दिसेल असा हवाच. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर छाती उगाचच काळी दिसते. अशा एकट्या फोटोवर नोंद करू नये.

हा पक्षी दिवसा वावरतो, सरडे आणि उंदीर धरतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. त्यामुळे बॅटरी घेऊन रात्री फिरण्यापेक्षा सकाळी विरळ सागवनात, उंच उघड्या फांद्या न्याहाळणे जास्त उपयोगाचे. घरटे जुन्या झाडांच्या ढोलीत असते, म्हणून पोकळ झाड ‘निकामी’ म्हणून तोडले की त्याचे घरच जाते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावणे टाळावे. विणीच्या काळात, साधारण ऑक्टोबर ते मेमध्ये, तर मुळीच नको. पक्षी उत्तर द्यायला ढोलीपासून दूर येतो आणि पिल्ले उघडी पडतात.

१९९७नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातले खकनार इथे तो सापडत गेला. २०१४मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही दिसला, आणि तो सातपुड्यापुरताच असल्याचा समज गेला. नवी ठिकाणे मिळाल्यामुळे २०१८मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ गटात आणले गेले. संख्येचा अंदाज मात्र अजूनही हजार प्रौढ पक्ष्यांच्या आतच आहे.